एनिग्मा एका रात्रीत, एकटीने? कादंबरीकाराला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: कादंबरीचा खर्डा तयार आहे. नायिका पुण्याची, गणिताची पदवीधर. मार्च १९४३, इंग्लंडमधले ब्लेचली पार्क, म्हणजे शत्रूचे संदेश फोडण्याचे ब्रिटिशांचे केंद्र. शेवटच्या प्रकरणात ती रात्रभर जागून एनिग्मा, म्हणजे जर्मनांचे संदेश सांकेतिक करणारे यंत्र, फोडते आणि पहाटे अटलांटिकमधला जहाजांचा ताफा वाचतो. जाणकार वाचकाच्या नजरेला यात काय खटकेल आणि काय बदलावे?

तारीख उत्तम निवडली आहे, तिची मेख पुढे येईल. बाकीचा प्रसंग मात्र उकलून पुन्हा बांधावा लागेल. एनिग्मा एकदा फुटली आणि काम संपले, असे कधी झालेच नाही. जर्मनांची किल्ली, म्हणजे यंत्राची त्या दिवसाची मांडणी, मध्यरात्री बदलायची, आणि आदल्या दिवशी कमावलेले सगळे त्या क्षणी शिळे व्हायचे. शिवाय किल्ली एकच नव्हती. हवाई दलाची मुख्य किल्ली ‘रेड’, पाणबुड्यांची ‘शार्क’, जवळच्या समुद्रातली ‘डॉल्फिन’, अशी ब्रिटिशांनी ठेवलेली कितीतरी नावे होती. प्रत्येकीचा रोजचा रतीब वेगळा. ‘रेड’ मे १९४० नंतर जवळजवळ रोज वाचली जात होती, त्याच काळात आरमाराच्या संदेशांपुढे मंडळी हात टेकून बसली होती. तुमच्या खर्ड्यात ‘कोड’ हा एकवचनी शब्द जिथे जिथे आहे, तिथे कुठली किल्ली आणि कुठला दिवस हे आधी ठरवा. निम्म्या चुका तिथेच मिटतील.

आता यंत्र. लाकडी पेटी, वजन दहा-बारा किलो. पुढे २६ अक्षरांच्या कळा, मागे २६ छोटे दिवे, त्याच्यावर तीन चाके, समोरच्या फळीवर प्लगबोर्ड. कळ दाबली की उजवे चाक एक घर पुढे सरकते आणि कुठले तरी दुसरे अक्षर उजळते. बस्स, एवढेच. यंत्र काही छापत नाही. म्हणून खंदकात एक जण कळा दाबायचा, दुसरा उजळलेली अक्षरे लिहून घ्यायचा, आणि मग ती मोर्सने बिनतारीवर जायची. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात जर्मन अधिकारी ‘एनिग्मातून बाहेर आलेली पट्टी’ फाडतो. ती पट्टी इंग्लंडात हवी. ब्लेचलीमध्ये टायपेक्स नावाची ब्रिटिश यंत्रे एनिग्मासारखी वागतील अशी बदलून घेतली होती. किल्ली सापडली की मुली संदेश त्यांवर टंकायच्या आणि कागदी पट्टीवर जर्मन मजकूर उमटायचा. कळांमध्ये अंकही नाहीत. एक लिहायचा तर ‘आइन्स’ असा अक्षरी लिहायचा, पूर्णविरामाच्या जागी एक्स घालायचा. आरमाराच्या बहुतेक संदेशांत ‘आइन्स’ कुठे ना कुठे येतोच, हे ओळखून ‘हट ८’ या आरमाराचे संदेश फोडणाऱ्या बराकीत त्या एका शब्दाच्या सांकेतिक रूपांचे कॅटलॉग बनवले होते. असा तपशील एक जरी आला तरी वाचक निर्धास्त होतो.

रोजच्या किल्लीत चार गोष्टी. पाच चाकांपैकी कोणती तीन आणि कुठल्या क्रमाने (६० प्रकार), प्रत्येक चाकावरचे कडे कुठल्या अक्षरावर, प्लगबोर्डवर दहा तारांनी कुठली अक्षरे कुठल्या अक्षरांशी जोडायची, आणि बिनतारी जाळे ओळखायची खुणेची अक्षरे. महिन्याची यादी एका कागदावर छापलेली असे. ३१ तारीख सगळ्यात वर, १ सगळ्यात खाली, म्हणजे वापरून झालेली ओळ खालून कापून जाळता येई. चाके सुरू करण्याच्या जागा १७,५७६. एकट्या प्लगबोर्डचे प्रकार दीडशे लाख कोटींच्या घरात. हा आकडा पाहिला की लेखकाला तो वाचकाच्या अंगावर फेकायचा मोह होतो. आवरा. फोडणाऱ्यांनी त्या आकड्याशी झुंज घेतलीच नाही, ते त्याला वळसा घालून गेले.

वळसा कसा घातला, यातच तुमच्या कळसाचा जीव आहे. एनिग्माच्या रचनेत एक गोम होती: परावर्तकामुळे (वीज चाकांतून परत फिरवणारा भाग) कुठलेही अक्षर स्वतःसारखे कधीच उमटत नाही. ई दाबली तर ई सोडून काहीही उजळेल. आता समजा, पहाटे सहाला अमुक ठाण्यावरून येणारा संदेश हवामानाचा असतो आणि त्यात ‘वेटर’ (म्हणजे हवामान) शब्द असणार, असा तर्क आहे. त्याची अक्षरे डब्ल्यू, ई, टी, टी, ई, आर. हाती आलेला सांकेतिक तुकडा असा: क्यू, ई, टी, झेड, डब्ल्यू, के, आर, ई. शब्द पहिल्या अक्षराखाली ठेवला तर दुसऱ्या जागी ईखाली ई येते. बाद. एक घर सरकवला तर सातव्या जागी आरखाली आर. बाद. आणखी एक घर सरकवला तर सहाही जोड्या वेगळ्या निघतात. ही जागा शक्य आहे. कागद, पेन्सिल आणि दोन पट्ट्या एवढ्यावर हे काम होते, आणि तुमच्या नायिकेच्या हाताला ते द्यायला हरकत नाही. या अंदाजी मजकुराला तिथे ‘क्रिब’ म्हणत.

पण थांबा, गंमत पुढे आहे. त्या तिसऱ्या जागेत तिसऱ्या अक्षराला डब्ल्यूचा टी झाला आणि पाचव्याला टीचा डब्ल्यू. म्हणजे दोन अक्षरांत वळसा (फिरून तिथेच येणारी साखळी) तयार झाला. सातव्या-आठव्या जागी ई आणि आर यांचाही तसाच. ॲलन ट्युरिंग या ब्लेचलीतल्या गणितज्ञाच्या यंत्राला, म्हणजे ‘बॉम्ब’ला, नेमके हेच वळसे लागतात. वळसा असला की प्लगबोर्डवर एका अक्षराची एक जोडी गृहीत धरून तारांतून वीज फिरवता येते. जोडी चुकीची असेल तर फिरून परत येताना ती स्वतःलाच खोटे पाडते. चाकांची जागाच चुकीची असेल तर सगळ्याच जोड्या खोट्या पडतात आणि यंत्र पुढे सरकते. दीडशे लाख कोटी प्रकार असे एका फटक्यात बाजूला होतात. तिथल्याच गॉर्डन वेल्चमन या गणितज्ञाने त्यात ‘डायगोनल बोर्ड’ घातला (ए जर बीशी जोडलेले असेल तर बी एशी जोडलेले असणारच, एवढीच त्यामागची साधी गोष्ट), आणि ऑगस्ट १९४० पासून थोडे वळसे असलेले क्रिबही चालू लागले. सहा अक्षरांचा क्रिब अर्थात खऱ्या कामात कुचकामी. डझनभर अक्षरे तरी हवीत. फार लांबही नको, कारण उजवे चाक २६ घरांत एकदा मधल्या चाकाला ढकलते. तेरा अक्षरांच्या पट्ट्यात ती ढकल पडण्याची शक्यता जवळजवळ निम्मी, आणि ती पडली की मेन्यू फुकट. मेन्यू म्हणजे कोणते अक्षर कितव्या जागी कशाशी जोडले आहे त्याचा आराखडा. उलट, क्रिब लांब असेल तर चुकीच्या जागा लवकर बाद होतात. सोळा अक्षरांचा असेल तर जवळपास निम्म्या चुकीच्या जागा पेन्सिलीनेच कटतात. या ओढाताणीत मेन्यू आखणाऱ्याचे कसब. तुमची नायिका गणिताची आहे ना? तिची हुशारी इथे दिसू द्या. फळ्यावर समीकरणे लिहून डोळे विस्फारणारी माणसे हटांमध्ये नव्हती.

‘बॉम्ब’ हे माणसाएवढ्या उंचीचे, टनभर वजनाचे कपाट. लेचवर्थच्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीत हॅरल्ड कीन यांच्या देखरेखीखाली बनलेले. पुढे १०८ ड्रम, म्हणजे ३६ एनिग्मांइतके काम एका वेळी. मागच्या बाजूला मेन्यूप्रमाणे जाड वेण्यांसारख्या तारा खोचायच्या. चालवणाऱ्या आरमाराच्या महिला दलातल्या, रेन्स. प्रत्येक ड्रमच्या पाठीला तारेचे १०४ बारीक ब्रश. एक जरी वाकडा होऊन शेजारच्याला टेकला तर शॉर्ट होऊन यंत्र खोटे थांबते, किंवा खरे थांबायचे राहून जाते. म्हणून ड्रम चढवण्याआधी चिमट्याने एकेक तार सरळ करावी लागे. तासन् तास उभ्याने, तेलाच्या वासात, खडखडाटात. तुमच्या कादंबरीत या खोलीत ‘स्मशानशांतता’ आहे. ती आधी काढा.

वेळेचा हिशोबही पाहा. चाकांचा एक क्रम तपासायला पंधराएक मिनिटे. एक यंत्र एका वेळी तीन क्रम घेते. ६० क्रम म्हणजे वीस फेऱ्या, मध्ये ड्रम बदलण्याचा वेळ वेगळा. एकाच यंत्रावर पाच-सहा तास सहज जातात, आणि तेवढे करून क्रिबच चुकीचा होता असे निघाले तर पहिले पाढे पंचावन्न. मग फेऱ्या वाचवायच्या कशा? हवाई दलाच्या किल्ल्या बनवणाऱ्या जर्मन कारकुनाने स्वतःला शिस्त लावून घेतली होती: आज ज्या जागी जे चाक, ते उद्या त्याच जागी ठेवायचे नाही. गुप्तता वाढावी म्हणून केलेला हा नियम. त्यामुळे आदल्या दिवशीची किल्ली माहीत असेल तर ६० पैकी ३२ च क्रम उरतात. वर्णमालेत शेजारशेजारची अक्षरे प्लगबोर्डवर जोडायची नाहीत, हाही असाच नियम, आणि तोही फोडणाऱ्यांच्याच पथ्यावर पडला.

यंत्र थांबले म्हणजे किल्ली सापडली असेही नाही. रेन ड्रमची अक्षरे वाचते, फोनवरून हटला कळवते, यंत्र पुन्हा सुरू करते. तिकडे ती जागा तपासतात. एकच अक्षर दोघांशी जोडले जात असेल तर थांबा खोटा. जमले तर फोनवर ‘जॉब अप’ असे कळवले जाते, तारा उपसल्या जातात आणि दुसऱ्या किल्लीचा मेन्यू लागतो. ज्या मुलीच्या यंत्रावर किल्ली सापडली तिला संदेशात काय होते ते कळत नसे. कुठल्या किल्लीवर काम करतो आहोत हेदेखील बहुतेकींना ठाऊक नसायचे. इथे तुमच्या खर्ड्याची मोठी अडचण आहे: नायिका क्रिब शोधते, यंत्र चालवते, जर्मन वाचते आणि नौदलाला कळवते, सगळे एकटीच. प्रत्यक्षात ती किमान पाच जणींची कामे होती आणि त्या पाच जणी एकमेकींना प्रश्न विचारत नसत. लष्कर आणि हवाई दलाचे संदेश हट ६ मध्ये फुटत, शेजारच्या हट ३ मध्ये भाषांतर होऊन त्यांचा अर्थ लागे. दोन्ही हटांमध्ये लाकडी बोगदा होता, त्यातून कागदांचा ट्रे झाडूच्या दांड्याने ढकलत. आरमारासाठी हीच जोडी हट ८ आणि हट ४ ची. पाळ्या आठ-आठ तासांच्या: सकाळी आठ, दुपारी चार, रात्री बारा. रात्रपाळीत लावलेला मेन्यू दिवसपाळीत फुटला आणि लावणारी झोपली होती, हे रोजचेच. माझ्या मते कळसाचे प्रकरण असेच लिहा: तिने क्रिब बसवला, पाळी संपली, ती निघून गेली.

चूक करणारे पात्र जर्मन बाजूला हवे, आणि ते आळशी हवे, मूर्ख नको. १ मे १९४० नंतरची पद्धत अशी होती: तार करणाऱ्याने मनाने तीन अक्षरे घ्यायची, ती उघडच पाठवायची, चाके तिथे लावायची, मग आणखी तीन अक्षरे (संदेशाची स्वतःची किल्ली) टंकायची आणि त्यांचा सांकेतिक उतारा पाठवायचा. मनाने म्हणजे खरोखर यादृच्छिक. पण रात्री तीनला थंडीत बसलेला पोरगा कळांवरची शेजारची तीन अक्षरे घेतो, मैत्रिणीच्या नावाची पहिली तीन घेतो, किंवा ‘हिट’ घेतले की पुढे ‘लर’ घेतो. लांब संदेश तुकड्यांत पाठवताना पहिला तुकडा संपला तेव्हा चाके जिथे थांबली तीच अक्षरे पुढच्याला वापरतो. अशा चुकांना ब्लेचलीत ‘सिली’ म्हणत. जॉन हेरिव्हेल या तरुणाने फेब्रुवारी १९४० मध्ये तर्क लढवला की सकाळी कडी बसवून झाल्यावर माणूस चाके फारशी फिरवणार नाही, त्यामुळे दिवसाच्या पहिल्या संदेशांची उघड अक्षरे कड्यांच्या जागेभोवतीच गोळा होतील. काही महिने काहीच दिसले नाही. मे महिन्यात फ्रान्सवरची चढाई सुरू झाली, जर्मन घाईत आले, आणि अक्षरे नेमकी गोळा झालेली दिसली.

याहून सुंदर प्रसंग इटालियन आरमाराच्या एनिग्माचा आहे. त्या यंत्राला प्लगबोर्ड नव्हता. ब्लेचलीतले जुने संकेतफोडे डिली नॉक्स यांच्या गटातल्या मेव्हिस लेव्हर यांच्या लक्षात आले की एका लांबलचक संदेशात एल हे अक्षर एकदाही नाही. अक्षर स्वतःसारखे उमटत नाही, म्हणजे कुणीतरी चाचणीसाठी एलची कळ सलग दाबत बसले होते. सगळा मजकूर उघडा पडला. विशीही न ओलांडलेली मुलगी, हातात कागद, आणि नसलेले अक्षर दिसणे. कल्पनेने याच्यावर ताण करणे कठीण.

आता मार्च १९४३. पाणबुड्यांनी १ फेब्रुवारी १९४२ पासून चार चाकांचे यंत्र घेतले आणि ‘शार्क’ दहा महिने अंधारात गेली. आरमाराकडे आठ चाके, म्हणजे तीन चाकांचेच क्रम ३३६, त्यावर चौथ्या चाकाच्या २६ जागा. वाट उघडली ती इजिप्तजवळच्या समुद्रात. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी ‘पेटार्ड’ या विनाशिकेने यू-५५९ पाणबुडी वर यायला भाग पाडले. लेफ्टनंट अँथनी फॅसन आणि नाविक कॉलिन ग्रेझियर बुडत्या पाणबुडीत उतरले, कागद वर दिले आणि तिच्याबरोबर तळाला गेले. कँटीनमधला पोरगा टॉमी ब्राऊन वाचला. त्या कागदांत हवामानाच्या संक्षिप्त संदेशांची संहिता होती. पाणबुडी हवामान चार-दोन अक्षरांत आवळून पाठवायची, किनाऱ्यावरचे जर्मन तेच आकडे हवामानाच्या सांकेतिक बातमीपत्रात घालायचे, आणि ते बातमीपत्र ब्रिटिश वाचत होतेच. म्हणजे क्रिब घरपोच. भरीला, हे संक्षिप्त संदेश पाठवताना चौथे चाक अशा जागी ठेवत की यंत्र तीन चाकांचेच होई, त्यामुळे जुने ‘बॉम्ब’ चालत. त्या तीन चाकांची किल्ली मिळाली की बाकीच्या संदेशांसाठी चौथ्या चाकाच्या फक्त २६ जागा तपासायच्या. १३ डिसेंबर १९४२ ला ‘शार्क’ पुन्हा वाचता येऊ लागली.

तुमच्या तारखेची मेख अशी की १० मार्च १९४३ ला जर्मनांनी हवामान-संहितेची नवी आवृत्ती आणली आणि वाट पुन्हा बंद झाली. त्याच आठवड्यात एचएक्स-२२९ आणि एससी-१२२ हे ताफे अटलांटिकमध्ये होते, आणि पाणबुड्यांनी त्यांची वीसहून अधिक जहाजे बुडवली. तेव्हा ‘ताफा वाचतो’ हे या तारखेला जमणारच नाही. १९ मार्चच्या सुमारास वाट पुन्हा उघडली ती ताफा दिसल्याचे कळवणाऱ्या पाणबुड्यांच्या छोट्या संदेशांवरून. म्हणजे ताफ्यांवर हल्ले झाले म्हणूनच क्रिब मिळाले. यात कादंबरी आहे यात शंका नाही, पण या आठवड्यावर इंग्रजीत गाजलेली कादंबरी होऊन गेली आहे. त्याच रस्त्याने गेलात तर तुलना टळणार नाही. वाचवायचाच असेल ताफा, तर १९४१ च्या उन्हाळ्यात जा. तेव्हा हस्तगत केलेल्या किल्ल्यांमुळे संदेश वेळेवर वाचले जात आणि ताफे पाणबुड्यांच्या रांगांना वळसा घालून नेता येत.

नायिकेबद्दल. पुण्याची मुलगी १९४३ मध्ये ब्लेचलीत कशी पोहोचली, याला खर्ड्यात समाधानकारक उत्तर नाही, आणि मला वाटते मिळणारही नाही. भरती ओळखीपाळखीतून, विद्यापीठांतून आणि ब्रिटिश महिला दलांतून होत असे, आणि जन्म-कूळ बघितले जाई. पण तिला हे काम देण्यासाठी इंग्लंडला न्यायची गरजच काय? दिल्लीत आनंद पर्बतवर, रामजस कॉलेजच्या आवारात, ‘वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर’ या निरुपद्रवी नावाखाली जपानी लष्कराचे संदेश फोडले जात होते. बंगळूर आणि बराकपूर इथे त्याच्या शाखा होत्या. तिथल्या माणसांत विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया) या १९४२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलातल्या स्त्रियाही होत्या. पुण्याची पदवीधर मुलगी त्या दलात जाणे पूर्ण पटण्यासारखे आहे. तिला थेट मुख्य फोडणारी करू नका. नोंदी, कार्डे, आकड्यांचे तक्ते यांत बसवा. जपानी संदेशांच्या कामात शोध तिथूनच सुरू होतो.

कारण तिथे यंत्र नव्हतेच. जपानी लष्कराची पद्धत पुस्तकांची: एका पुस्तकात प्रत्येक शब्दाला चार आकडे, दुसऱ्या पुस्तकात नुसते यादृच्छिक आकडे, आणि दोन्हींची हातचा न घेता बेरीज. समजा शब्दाचा आकडा ४८२१, दुसऱ्या पुस्तकातला ७३६५. चार आणि सात अकरा, एक लिहा, हातचा सोडा. आठ आणि तीन अकरा, पुन्हा एक. मग आठ, मग सहा. हवेत जाते ११८६. दुसऱ्या कुठल्या ठाण्याने २०७५ साठी तोच ७३६५ वापरला तर जाते ९३३०. आता ११८६ मधून ९३३० हातचा न घेता वजा करा: २८५६. आणि ४८२१ मधून २०७५ तसेच वजा केले तरी २८५६ च. यादृच्छिक आकडा गळून पडला, दोन शब्दांमधले अंतर तेवढे उरले. तेव्हा सगळा खेळ हा की दुसऱ्या पुस्तकाचे एकच पान वापरलेले संदेश एकाखाली एक लावायचे. तशा रांगा जितक्या खोल, तितका उभ्या स्तंभातला आकडा ओळखणे सोपे. एका ठिकाणी चार आकड्यांचा गट गाळला गेला (पावसाळी हवेतल्या खरखरीत हे हटकून होते) की पुढचे सगळे स्तंभ एक घर सरकतात आणि वजाबाक्यांतून काहीच अर्थ निघत नाही. हे सरकणे पकडणारी, कार्डांचे गठ्ठे रोज हाताळणारी मुलगी तुमची नायिका होऊ शकते. एप्रिल १९४३ मध्ये जपानी लष्कराच्या जलवाहतूक-संहितेत, जिला तिच्या खुणेवरून २४६८ म्हणत, पहिली फट पडली ती दिल्लीत मॉरिस ॲलन आणि विल्फ्रिड नॉइस यांच्या हातून, आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्येही. नॉइस पुढे एव्हरेस्टच्या १९५३ च्या मोहिमेत होते. तुमची तारीख एखाद्या महिन्याने पुढे सरकली की सगळे जुळते.

गोव्याचा धागा जोडायचा मोहही खर्ड्यात दिसतो. मुरगाव बंदरात अडकलेले ‘एरेनफेल्स’ हे जर्मन जहाज चोरून संदेश पाठवते असा ब्रिटिशांचा संशय होता, आणि मार्च १९४३ च्या ८-९ तारखेच्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या स्वयंसेवकांच्या घोडदळ तुकडीच्या प्रौढ सदस्यांनी बार्जमधून येऊन त्याच्यावर छापा घातला. जहाज बुडाले, शेजारच्या जर्मन आणि इटालियन जहाजांवरच्या खलाशांनी आपापली जहाजे स्वतःच बुडवली. लगेच १० मार्चला ‘शार्क’ बंद पडली. या दोन तारखा शेजारी आहेत म्हणून कार्यकारण लावू नका. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही.

किरकोळ पण जाणकार हमखास पकडतील अशा जागा. कॉव्हेंट्री १४ नोव्हेंबर १९४० ला जळू दिले, कारण एनिग्माचे गुपित राखायचे होते, ही दंतकथा आहे. पात्राच्या तोंडी अफवा म्हणून चालेल, निवेदनात नको. कोलॉसस या इलेक्ट्रॉनिक यंत्राने एनिग्मा फोडली नाही. टॉमी फ्लॉवर्स यांनी बांधलेले ते यंत्र १९४४ च्या सुरुवातीला कामाला लागले, आणि त्याचे लक्ष्य होते हिटलरच्या सेनापतींची लॉरेन्झ टेलिप्रिंटर-संहिता. १९४३ च्या मार्चमध्ये त्याचे दिवे लुकलुकवू नका. सुरुवात ब्रिटिशांनी केली असेही लिहू नका: मारियन रेयेव्हस्की या पोलिश गणितज्ञाने डिसेंबर १९३२ मध्येच चाकांच्या तारा कागदावर उलगडल्या होत्या, आणि जुलै १९३९ मध्ये वॉर्सॉजवळ पिरीच्या जंगलात पोलिशांनी सगळे ब्रिटिश-फ्रेंचांपुढे मांडले. यंत्रातल्या कळा चाकांना कुठल्या क्रमाने जोडल्या आहेत या कोड्यावर नॉक्स अडले होते. उत्तर होते ए, बी, सी, डी. सरळ वर्णमाला. रेयेव्हस्कीने तसे असेल असा नुसता अंदाज केला होता. ट्युरिंगला एकट्याने वरिष्ठांशी भांडायला लावू नका. २१ ऑक्टोबर १९४१ चे चर्चिलना लिहिलेले पत्र ब्लेचलीतल्या चौघा संकेतफोड्यांच्या सहीचे आहे: ट्युरिंग, वेल्चमन, अलेक्झांडर, मिल्नर-बॅरी. ते घेऊन दहा डाउनिंग स्ट्रीटला गेले मिल्नर-बॅरी.

शेवटचे प्रकरण. १९५० साली नायिका पुण्याच्या वाड्यात नवऱ्याला सगळे सांगते, हे चालणार नाही. सह्या करून घेतल्या होत्या आणि लोकांनी त्या पाळल्या, नवरा-बायको दोघेही तिथे असून एकमेकांना न बोलण्याइतक्या. ब्रिटनमध्ये या विषयावर उघडपणे छापून आले ते १९७४ मध्ये. सांगण्याचा प्रसंग त्यानंतर न्या, म्हणजे ती पन्नाशी ओलांडलेली असेल, किंवा ती सांगतच नाही असे ठेवा आणि वाचकाला कार्डांवरून कळू द्या. दुसरे ठेवलेत तर पहिल्या प्रकरणातली आठवणींची चौकट काढावी लागेल, कारण मग ती कुणाला सांगते आहे हा प्रश्न उरतो.